नेकनूरला अडकलेलं बोट

भिवराबाईंचं बोट नेकनूरला अडकलं, तेव्हा शहादेव सर चहाची बशी तोंडाला लावून बसले होते.

"गुर्जी, पुडं सरकंना," भिवराबाई मोबाइल त्यांच्यासमोर धरत म्हणाल्या. "रस्ता बंद हाय का काय?"

"दाबू नका मावशी. हलकं बोट फिरवा."

"हलकंच फिरवतेय की. पोराच्या गालावरून फिरवावं तसं फिरवतेय."

सरांनी बशी खाली ठेवली आणि चष्मा चढवला. नकाशा जागेवरच होता. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, तो एकदम सुटला, आणि भिवराबाई नेकनूरहून उडाल्या त्या थेट अरबी समुद्रात पडल्या. पडदाभर निळं निळं.

"आगं बया! येवढं पानी? धरन फुटलं का?"

आतून सुनिताबाईंच्या हसण्याचा आवाज आला. शहादेव सरांच्या काळजाला घरं पडली. केजमध्ये भूगोल शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. दक्षिण अमेरिकेतल्या नद्या ते फळ्याकडे पाठ करून काढायचे. अशा माणसाला आपल्याच नकाशातून आपल्याच जिल्ह्याबाहेर पडता येऊ नये, आणि ते बायकोने ऐकावं, ही गोष्ट साधी नव्हे.

नकाशा सरांचाच होता. दिवाळी झाली की तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कुणाची टोळी कोणत्या शिवारात उतरली, राहायच्या पाचटाच्या कोप्या कुठं पडल्या, हे मागं राहिलेल्यांना फोन लागला तर कळतं, नाही लागला तर नाही. सरांनी टोळ्यांच्या मुकादमांना गोडीगुलाबीने तयार केलं. टोळी हलली की मुकादम फोनवरून ठावठिकाणा पाठवायचे, आणि सर तो नकाशावर लाल ठिपक्याने दाखवायचे. मोबाइल असलेल्या कुणालाही तो उघडता यायचा. पहिल्यांदा त्यात दोनच थर होते, खाली रस्ते आणि वर ठिपके. बोट लावलं की नकाशा असा सरकायचा की सर भाजी घ्यायला गेले तरी मेथीच्या जुडीपेक्षा मोबाइलकडेच जास्त बघायचे.

भिवराबाई मागच्या आळीत राहायच्या. त्यांची करिष्मा नवऱ्याबरोबर भीमेकाठी तोडीला गेली होती. तिला सातवा महिना लागला होता, पहिलंच बाळंतपण होतं आणि ते माहेरीच व्हायला हवं होतं. "आई, चार्जर बिघडलंय," एवढं बोलून तिचा फोन जो बंद पडला, तो बंदच होता. भिवराबाईंचा मुलगा दुसऱ्या टोळीबरोबर कर्नाटकात. तेव्हा लेकीला आणायला जायचं ते त्यांनाच, आणि तेही एकटीने.

"मी सांगतो ना कुठं आहे ते," सर म्हणाले होते. "राशीनच्या पुढं, नदीच्या अलीकडं. पाहिजे तर मी येतो बरोबर."

"बाळंतपनाला आनाया गुर्जी? लोक काय म्हनतील!" भिवराबाईंनी कपाळाला हात लावला. "तुमी सांगताव ते खरं हाय. पन मी उसाला गेलते ती टरकातनं, रातच्याला, भांड्याकुंड्यावर बसून. डोक्यावरनं पदर घेतला की थेट फडात. रस्ता कंदी बगितलाच न्हाई. आदी बोटानं जाऊन येते. बोटानं गेल्याबिगर पायानं कशी जाऊ?"

नकाशात वरती शोधायची चौकट होती, पण भिवराबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांना रस्ता धरून जायचं होतं, घरापासून कोपीपर्यंत, मधलं एकही वळण न सोडता. आणि नकाशा नेकनूरच्या पुढे जायला तयार नव्हता.

आता हे असं का झालं, तर त्याला गावाचा सल्ला कारणीभूत होता. समोर राहणारे आश्रुबा आप्पा निवृत्त ग्रामसेवक. निवृत्तीनंतर त्यांचा सल्ला फुकट मिळू लागल्याने त्याला सुमार राहिला नव्हता. नकाशा पहिल्यांदा बघितला आणि ते म्हणाले, "सर, ह्यात हिरी कुठं हायत? हिरीबिगर गाव कसं वळखावं?"

सरांनी विहिरींचा थर टाकला. मग देवळं राहिली म्हणून चार जण घरी आले आणि देवळांचा थर आला. देवळं आली तर दर्गे, समाध्या आणि शाळाही आल्या. एकाने आठवडी बाजार सुचवले. एकाने आपल्या मेव्हण्याचं गॅरेज सुचवलं, कारण वाटेत ट्रॅक्टर बंद पडला तर माणसाने जायचं कुठं?

सर अभ्यासू माणूस. करायचं तर शास्त्रशुद्ध करू म्हणून गावांच्या हद्दी मागायला ते एका कचेरीत गेले. कोणत्या, ते सांगायला नको.

"नकाशे हायत," तिथले बाबू म्हणाले. "कपाटात हायत. कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं हाय ते ट्रेनिंगला गेलेत."

"कसलं ट्रेनिंग?"

"लोकांला नकाशे ऑनलाइन कसे द्यावे, त्याचं."

ट्रेनिंग संपलं, किल्ली आली, हद्दी मिळाल्या. त्या काढणाऱ्याने कमालीच्या निष्ठेने काढल्या होत्या. ओढा जिथं जिथं वळला होता तिथं तिथं रेषाही वळली होती, म्हैस आडवी आल्यासारखं उगाच वळण होतं त्या जागीसुद्धा. नकाशा किंचित जड झाला. बोट लावल्यावर तो आधी सुस्कारा टाकल्यासारखा थांबायचा आणि मग निघायचा. पण निघायचा.

मग विठ्ठलराव आले. विठ्ठलराव म्हणजे तालुक्यातले मोठे बागायतदार आणि सरांच्या शाळेच्या संस्थेवरचे वजनदार नाव. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून नकाशा बघितला.

"लई चांगलं काम हाय, सर. फोटो कुठाय?"

"कुणाचा?" सरांनी विचारलं.

विठ्ठलरावांच्या बरोबरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. ज्या कार्यावर फोटो नाही ते कार्य झालंच नाही, एवढी साधी गोष्ट भूगोलाच्या माणसाला कळू नये याचं त्यांना वाईट वाटलं असावं.

विठ्ठलरावांचा फोटो त्यांच्या गावावर बसला. दुसऱ्या दिवशी त्यांचे प्रतिस्पर्धी विजयसिंह यांचा निरोप आला, की नकाशा एका पार्टीचा आहे का? विजयसिंहांचाही फोटो बसला. मग दोन्हीकडचे सरपंच आले, उपसरपंच आले, शुभेच्छुक आले. एवढे फोटो आणायचे कुठून, ही काळजी बंकटने मिटवली. बंकटचं स्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान. "सर, तालुक्यातला एक बी भावी माणूस आसा न्हाई ज्याचा फोटो माझ्या कॉम्प्युटरात न्हाई," असं म्हणून त्याने पेनड्राइव्ह भरून दिला. सरांनी ते फोटो जसेच्या तसे नकाशात टाकले. दिसायला ते बोराएवढे दिसायचे, म्हणून सरांना वाटलं, ते बोराएवढेच आहेत.

शिवाय मानाचा प्रश्न उभा राहिला. नकाशा लांबून बघितला की फोटो एकमेकांवर चढायचे. विठ्ठलरावांच्या फेट्याखाली विजयसिंहांचा कान झाकला जातो, ही तक्रार घेऊन पाच-सहा जण मोटारसायकलींवर आले. सरांनी विजयसिंहांचा थर वर घेतला. संध्याकाळी दुसऱ्या मोटारसायकली आल्या. शेवटी आप्पांच्या मध्यस्थीने दिवसाआड वर-खाली करायचं ठरलं आणि सरांना सकाळी दात घासायच्या आधी तालुक्याचा समतोल साधावा लागू लागला. नकाशा आता हलायचाच नाही.

"मोबाइल तांदळात ठेवा," आप्पा म्हणाले.

"भिजलेला मोबाइल ठेवतात, आप्पा."

"न भिजता ठिवला तर काय बिगडतं?"

कुणी रिचार्ज मोठा मारायला सांगितला. कुणी मोबाइल बंद करून चालू करायला लावला. बंकटने मात्र खोलात जाऊन विचार केला. "सर, फोटोची क्वालिटी कमी पडतेय. नकाशा चाचपडतोय. थांबा, आजून मोठे देतो." सरांनी तेही ऐकलं, कारण बुडणारा माणूस सल्ल्याची प्रत बघत नाही. त्यानंतर नकाशा उघडला की मोबाइल गरम व्हायचा, आणि थंडीचे दिवस असल्याने आळीतल्या म्हाताऱ्या तो कानाला लावून बसायच्या.

वैतागून सरांनी एक दिवस सगळे वरचे थर काढून टाकले. नकाशा लगेच पळू लागला आणि गावही सरांच्या घराकडे पळू लागलं. सर सगळ्यांना पुरून उरले असते, पण पहिली तक्रार भिवराबाईंचीच होती.

"गुर्जी, सौताड्याचा रामेश्वर कुठं गेला? आन लिंबागणेशचा गणपती? आवो, मला वाचता येतंय का? देवळं काडली तर मी वळखू कशावरनं कुठं आले ती?"

त्यांचंही बरोबर होतं. सरांनी मुकाट्याने सगळं परत घातलं. काढता येत नव्हतं आणि ठेवून चालत नव्हतं. तिकडे करिष्माचा महिना काही नकाशासाठी थांबणार नव्हता.

अशात विठ्ठलरावांनी लोकार्पण सोहळा जाहीर केला.

"साहेब, अजून तयार नाही तो," सर काकुळतीला आले.

"सर, मंडप सांगितलाय," विठ्ठलराव म्हणाले. मंडप सांगितल्यावर जगात कुणालाच काही बोलता येत नाही.

सोहळा शाळेच्या मैदानावर झाला. मागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर विठ्ठलराव हात जोडून उभे. मान राखायला विजयसिंहही व्यासपीठावर होते. सूत्रसंचालन बंकटकडे होतं, कारण ज्याचा फ्लेक्स त्याचाच माइक अशी आपल्याकडची रीत आहे. मोठ्या पडद्यावर नकाशा लावला होता, पण त्याच्या आधी सत्कार होते. बंकट एकेक नाव पुकारायचा. पुकारलेला माणूस मागच्या रांगेतून उठायचा, नको नको म्हणत यायचा, हार घालून घ्यायचा, फोटोवाला "हिकडं बगा" म्हणायचा, शाल एका खांद्यावरून घसरायची, ती सावरून पुन्हा फोटो व्हायचा, मग तो माणूस जायचा आणि बंकट पुढचं नाव पुकारायचा. पुढे बसलेल्या बायकांमध्ये भिवराबाई होत्या. त्या पडद्यावरच्या रस्त्याकडे टक लावून बसल्या होत्या.

शेवटी विठ्ठलरावांनी उठून लॅपटॉपवर बोट ठेवलं. नकाशा हलला नाही. त्यांनी सरांकडे बघितलं. सर घामाघूम होऊन पुढे धावले आणि घाईत भलतंच बटण दाबून बसले. फोटोंना बोराएवढं ठेवणारी जी सूचना होती, तीच उडाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडद्यावर हळूहळू काहीतरी काळंभोर, दाट उगवू लागलं. ती विजयसिंहांची डावी मिशी होती. तिने अख्खा पाटोदा तालुका झाकून टाकला.

मग विजयसिंहांच्या माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"ह्यो कट हाय!" विठ्ठलरावांची माणसं उठली.

"कट कशाचा बे? जनतेचा कौल हाय!"

खुर्च्या सरकल्या. कुणीतरी वायर ओढली, पडदा काळा झाला. नेमका तेव्हाच जोराचा वारा सुटला आणि मागच्या फ्लेक्सचे दोर तुटले. फ्लेक्स मंडपावर आदळला. चार धट्टीकट्टी माणसं तो उचलून न्यायला लागली, तर वाऱ्याने फ्लेक्सच त्यांना ओढून न्यायला लागला. शहादेव सर व्यासपीठाच्या कडेला मान खाली घालून बसले होते. समोरून विठ्ठलरावांचा खोलीएवढा चेहरा चौघांच्या खांद्यावरून लटपटत गेला. सरांनी तो बघितला. फेट्याचा तुरा बघितला, कपाळावरचं गंध बघितलं, आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

हाच फोटो नकाशात होता. बंकटने हीच फाइल दिली होती. म्हणजे भिवराबाईंनी नेकनूरहून बोटभर पुढे जायचं म्हटलं, की त्यांच्या त्या काच तडकलेल्या मोबाइलला हा फ्लेक्स, विजयसिंहांचा फ्लेक्स आणि तालुक्यातल्या यच्चयावत भावी माणसांचे फ्लेक्स डोक्यावर घेऊन चालावं लागत होतं. चार माणसांना एक उचलवत नव्हता!

सर उठून उभे राहिले. इतक्यात बंकटने माइक पकडून गोंधळ आवरता घेतला. "शांत बसा, शांत बसा! वेळेअभावी उरलेल्या सर्व मान्यवरांचा एकत्रित सत्कार करण्यात येत आहे!" आणि काय आश्चर्य, उरलेले सगळे एका रांगेत उभे राहिले, एकच लांब हार सगळ्यांच्या पुढ्यात धरला गेला, एक फोटो निघाला आणि कार्यक्रम संपला.

"एकत्रित सत्कार!" शहादेव सर मोठ्याने ओरडले. बघणाऱ्यांना वाटलं, अपमानाने सरांच्या डोक्यावर परिणाम झाला.

सर घरी आले ते जेवायचंही विसरून सुनिताबाईंना समजावून सांगू लागले. "अगं, माझा नकाशा सत्कार करत बसतो! बोट एवढंसं हललं, की तो विहिरींना पुकारणार, त्यांना जागेवर बसवणार, मग देवळांना पुकारणार, मग हद्दी, मग फोटो, मग बोटाकडे बघणार. तोवर बोट पुढं गेलेलं, की पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांचे सत्कार! आता मी सगळ्या थरांचं मिळून एकच चित्र करणार. बोट हललं की ते एकच चित्र सरकेल. बोट थांबलं की मग काय ती मांडामांड."

"आणि चित्र सरकलं की कडेला रिकामं दिसेल, त्याचं काय?" सुनिताबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

हे सरांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पंगतीत कधी वाढलंय का तुम्ही? जेवणाऱ्यानं हात पुढं केल्यावर वाढपी निघाला तर चटणी पोचेपर्यंत माणूस हात धुऊन मोकळा. जेवणाऱ्याच्या आधी तिथं पोचावं लागतं."

सरांनी बायकोकडे अशा नजरेने बघितलं, की सुनिताबाईंची भाकरी वाकडी झाली. दिसतं त्याच्या चारी बाजूंचा थोडा थोडा मुलूख आधीच वाढून ठेवायचा! आणि जो मुलूख नजरेच्या पार पलीकडे आहे, तिथल्या विहिरींना उगाच पुकारायचं नाही.

सरांनी शाळेतून रजा काढली. कारण विचारल्यावर "घरचं कार्य" असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. फोटो एकेक करून बोराएवढे कापले. हद्दींची जी वळणं लांबून दिसतच नव्हती ती लांबच्या नजरेसाठी सरळ केली. विहिरी, देवळं आणि गॅरेज यांना एका चित्रात बसवलं. उरला एकच मोठा अडथळा, आणि तो विठ्ठलरावांच्या बैठकीत बसला होता. कारण फोटो इतके होते, की ते नकाशा पळत असताना दाखवायचेच नाहीत, थांबल्यावर दाखवायचे, असं सरांनी ठरवलं होतं.

"म्हंजे नकाशा हलला की मी गायब?" विठ्ठलरावांनी विचारलं. आवाज हळू होता, म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

"साहेब," सर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना राजकारण सुचलं, "तुमची गाडी गावात येते, तेव्हा गाडीबरोबर कोण पळतं?"

"पोरंसोरं. कार्यकर्ते."

"आणि साहेब कधी दिसतात?"

"गाडी थांबल्यावर. दार उघडल्यावर."

"तसंच आहे. नकाशा पळतो तेव्हा विहिरी, ओढे, ठिपके पळतात. नकाशा जिथं थांबेल, तिथं मग साहेब उतरतात."

विठ्ठलरावांनी मिशीवरून हात फिरवला. बैठकीतल्या माणसांनी माना डोलावल्या. "बराबर हाय," विठ्ठलराव म्हणाले. "पळायची कामं आपली न्हाईतच. पन सर, त्यो विजयसिंह?"

"ते पण थांबल्यावरच. एकाच चित्रात, शेजारी शेजारी. वर कुणी नाही, खाली कुणी नाही."

"खाली न्हाई ना मी? मग झालं तर."

विजयसिंहांकडेही सरांनी हीच गाडी थांबवून दाखवली आणि तिथेही दार उघडलं.

मग तो दिवस उजाडला. सर भरदुपारी मागच्या आळीत गेले. भिवराबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हात लुगड्याला पुसला आणि तो तडकलेल्या काचेचा मोबाइल घेतला. आप्पा आले, बंकट आला, सुनिताबाई दारात उभ्या राहिल्या. आळीतल्या बायका माना लांब करून बघू लागल्या.

बोट केजवरून निघालं. नकाशा बोटाखाली सरकत होता. नेकनूर आलं.

"थांबतंय का?" आप्पा कुजबुजले.

नेकनूर गेलं. कुणीतरी श्वास सोडला. मांजरसुंबा आलं आणि भिवराबाईंनी स्वतःच "आता डावीकडं" म्हणून बोट वळवलं. लिंबागणेशचं देऊळ दिसल्यावर त्यांनी बोट उचलून नमस्कार केला, आणि बोट उचलल्याबरोबर एक फेटा टपकन नकाशावर उगवला.

"हे कोन?"

"हे साहेब आहेत," सर म्हणाले.

"हे हितं काय करतेत?"

बंकटला खोकला आला. भिवराबाईंनी पुन्हा बोट टेकवलं, साहेब अदबीने बाजूला झाले आणि पाटोदा आलं. सौताड्याचा रामेश्वर आला. जामखेडला भिवराबाई थोड्या घुटमळल्या, तिथून फुटणारे रस्ते त्यांनी पुढे जाऊन आणि मागे येऊन बघितले, आणि नकाशा न कुरकुरता पुढे गेला आणि मागे आला. मग कर्जत, मग राशीनच्या देवीचं देऊळ, मग हिरवंगार, आणि त्या हिरव्यात एक लाल ठिपका. पलीकडे भीमेचं निळं पाणी.

भिवराबाईंनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"हितं हाय माझी करिष्मा," त्या म्हणाल्या. "आले गं बाई."

शहादेव सरांनी चष्मा काढून पुसला, आणि त्यांना इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने भिवराबाई गेल्या. नंतरच्या दिवशी तिन्हीसांजेला लेकीला घेऊन परत आल्या. जामखेडच्या स्टँडवर एकाने त्यांना भलत्याच गाडीत बसवायला घेतलं होतं, तर त्याला त्यांनी चारचौघांत ऐकवलं, "मला शिकवू नगंस, बाबा. मी ह्या रस्त्यानं येऊन गेलते." करिष्मा थकली होती, पण हसत होती. आईने तिला कोपीतून बाहेर काढताना पहिला प्रश्न विचारला होता, तो म्हणे "तुमची हीर नकाशात हाय का?" हा होता.

नकाशाचं नाव झालं. पाटोद्याहून आणि तलवाड्याहून माणसं विचारत आली. बायका दुपारी ओट्यावर बसून बोटाने भीमेकाठी जाऊन येऊ लागल्या. विठ्ठलरावांनी पुन्हा सोहळा ठेवला, या वेळी खास शहादेव सरांच्या सत्कारासाठी. जिल्ह्याहून मोठे साहेब आले. नकाशा मोठ्या पडद्यावर असा धावला की मैदान टाळ्यांनी दणाणलं, आणि प्रत्येक वेळी तो थांबला की विठ्ठलराव आणि विजयसिंह शेजारी शेजारी उतरले. सर नवा शर्ट घालून, मान ताठ करून आपल्या नावाची वाट बघत होते. आधीचे सत्कार लांबले. ऊन चढलं. जिल्ह्याच्या साहेबांनी घड्याळ बघितलं, आणि बंकटने माइक ओढला.

"वेळेअभावी, शहादेव सर आणि उरलेल्या सर्व मान्यवरांचा एकत्रित सत्कार करण्यात येत आहे!"

लांब हार धरला गेला. सर रांगेत अगदी कडेला होते. त्यांच्या वाट्याला हाराचं टोक आलं आणि फोटोत त्यांची कोपरापासूनची बाही आली. सुनिताबाई पदर तोंडाला लावून इतकं हसल्या की शेजारच्या बाईंनी त्यांना पाणी दिलं.

सर तरातरा चालत घरी आले. दारात बघतात तर भिवराबाई उभ्या, बरोबर करिष्मा. करिष्माच्या हातात ताट, ताटात कुंकू, आणि कोऱ्या घडीचा टॉवेल आणि टोपी.

"बसा गुर्जी पाटावर."

"अहो मावशी, हे कशाला?"

"बसा म्हनते ना. तितं मंडपात तुमचं निस्तं मनगाट दिसलं. आसा आसतो का सत्कार?"

सर पाटावर बसले. भिवराबाईंनी कुंकू लावलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि टोपी दोन्ही हातांनी नीट बसवली. "माझ्या लेकराला घरी आनलंत," त्या म्हणाल्या. मोठी माणसं सत्काराला उत्तर देतात, पण सर टॉवेलाची घडी सारखी करत बसले आणि उत्तर राहूनच गेलं.

सुनिताबाईंनी मोबाइल वर धरला. "हसा बघू. फोटो मोठा काढू का छोटा?"

"छोटाच काढ," शहादेव सर टोपी सावरत म्हणाले. "भिवरामावशींच्या मोबाइलात बघायचाय."